सरांच्या वह्या

कबड्डीच्या गुणपत्रकात चढाईचे गुण लिहितात, पकडीचे लिहितात, बोनसचा एक आणि लोणचे दोनही लिहितात. पण साखळीत ज्यानं शेजाऱ्याचा हात सोडला नाही, म्हणून कोपऱ्यावरच्याला घोटा धरता आला, त्याच्यासाठी रकाना नसतो. त्या दोघांना साखळी शिकवणाऱ्यासाठीही नसतो.

रमाकांत आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले तेव्हा सचिन तेंडुलकरनं त्यांना खांदा दिला. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. तरी १९८८ च्या त्या ६६४ धावांच्या भागीदारीचा विषय निघाला की सचिन आणि विनोद कांबळीच्या पाठोपाठ त्यांचं नाव येतंच. स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणंही सगळ्यांना पाठ आहे. शिष्य मोठे झाले, त्यामुळे गुरूची गोष्ट टिकली. ज्यांचे शिष्य मोठे होत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला आमच्या सरांमुळे पडला.

सर पालीचे, राजगडाच्या पायथ्याचे. पुण्यात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या संघाला ते संध्याकाळी दोन तास शिकवायचे, तुटपुंज्या मानधनावर. माझ्या चार वर्षांत आम्ही एकही करंडक आणला नाही. नव्या पोराला पहिले पंधरा दिवस चढाई मिळायची नाही, नुसती साखळी. "तेरा बाय दहा मीटरचं मैदान आणि तीस सेकंदांची चढाई, एवढ्यात माणूस पुरता कळतो," असं ते म्हणायचे. निदान रेषा ओलांडून रिकाम्या हातानं परत आलेल्याची पाठही थोपटायचे, कारण तो परत आलेला असायचा.

दिवाळीनंतर ते संघाला गावी न्यायचे. राजगड चढायचा तो पाली दरवाज्यानं, उतरायचा गुंजवण्याच्या बाजूला चोर दरवाज्यानं. "राजाच्या वाटेनं चढा, चोराच्या वाटेनं उतरा. घमेंड राहत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाली दरवाज्याची वाट ऐसपैस, पायऱ्यांची. चोर दरवाज्याकडची मात्र भलतीच उभी, तिथं उतरताना आपोआप एकमेकांचे हात धरले जायचे.

गेल्या जुलैत सर गेले. दहाव्याला आम्ही अकराजण पालीला पोचलो. भातलावणी चालू होती, किल्ला धुक्यात बुडालेला. आमच्याआधीच्या तुकड्यांतलेही बरेच आले होते. त्यांत एक एसटीत वाहक, एक पोलीस, दोघं आमच्यासारखे आयटीतले, एकाचं हार्डवेअरचं दुकान. वर्तमानपत्रात नाव येईल असा एकही नव्हता.

जेवणं झाल्यावर काकूंनी ट्रंक उघडली. आत फुलस्केप वह्या होत्या, दर वर्षाची एक. आम्हाला वाटलं, सामन्यांची टिपणं असतील. गुण मात्र कुठंच नव्हते. तारीख, हजेरी आणि प्रत्येक नावापुढं एखादी ओळ. "उजवा घोटा, बारा दिवस खेळवू नये." "लावणीला गावी." "मेस बंद, उपाशी खेळला. विचारणे." "वडिलांशी भांडण, आज चढाई देऊ नये."

मी माझं वर्ष शोधलं. तिसऱ्या वर्षी सबमिशनमुळे मी आठवडाभर उशिरा यायचो. सर एका शब्दानं बोलत नसत, आणि मला वाटायचं, त्यांच्या लक्षातच येत नाही. वहीत लिहिलं होतं : "सबमिशन. रात्री जागतो, डोळे लाल. उशीर होईल. बोलू नये."

बाजूला कुणीच काही बोलत नव्हतं. जो तो आपापलं पान वाचत होता. आपल्यावर कुणाचं लक्ष होतं हे असं इतक्या वर्षांनी, लेखी, कळणं फार विचित्र असतं. ओरडला नाही म्हणून ज्याला आपण साधा समजलो, तो रोज आपल्या बाबतीत काही तरी ठरवत होता.

आमच्यातल्या एकानं सुचवलं, वह्या कॉलेजला देऊ, काचेच्या कपाटात राहतील. काकूंनी विचारलं, "तिथं त्या उघडणार कोण?"

सरांचा पुतण्या शाळेमागं चुन्यानं मैदान आखून गावातल्या पोरांना शिकवतो. या वर्षीची वही त्यानं सुरू केली आहे. तिच्यात पंधरा नावं आहेत, आणि पहिल्याच पानावर चौघांच्या पुढं "लावणी" असं लिहिलेलं आहे.