उशाशी बसणारी

दिसायला ती अगदीच साधी. पिकल्या पपईएवढी सिलिकॉनची पिशवी, एका टोकाला झडप आणि मास्क, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनची नळी लावायची सोय. वायर नाही, बॅटरी नाही, पडद्यावर धावणारी रेघ नाही. दवाखान्यात तिला सगळे नुसतं ‘अँबू’ म्हणतात. ऑपरेशन थिएटरात तिची जागा ठरलेली असते: पेशंटच्या उशाशी, भूलतज्ज्ञाचा हात पोचेल तिथे. भूल देण्याचं महागडं यंत्र नीट चालू असतं तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. लाईट गेली, यंत्र अडलं, नळी सुटली की पहिला हात तिच्यावर पडतो.

तिचा स्वभाव समजायला तिला हातात घ्यावं लागतं. दाबली की ती आतली हवा पेशंटला देते, सोडली की आपली आपण फुगते आणि बाहेरची हवा ओढून घेते. ऑक्सिजन मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी ती अडून बसत नाही. घाई मात्र तिला सोसत नाही. नवखा माणूस घाबरून भराभर दाबत सुटतो. मग हवा फुप्फुसाऐवजी पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, जबडा वर ओढून धरलेला. उजव्या हाताने पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जराशी उचलेल इतकंच दाबायचं. डोळे पिशवीवर नकोत, छातीवर हवेत.

तिचा जन्म १९५६चा, डेन्मार्कमधला. इंजिनिअर होल्गर हेसे आणि भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी तिला घडवलं. पण तिची गरज किती मोठी आहे हे त्याआधी चार वर्षं कोपनहेगनने पाहिलं होतं. १९५२च्या पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेली माणसं ब्लेगडॅम हॉस्पिटलात येत होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पेशंटांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं गेलं. थिएटरात रोज करतो तेच त्याने वॉर्डात केलं: गळ्यातून श्वासनळीत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. पुढे जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूंचं प्रमाण शंभरात २५च्या आसपास उतरलं. भूलशास्त्र थिएटरबाहेर पडलं ते असं, हाताच्या जोरावर.

कोपनहेगनची ही गोष्ट लेण्याद्रीच्या परिसरात मला फार जवळची वाटते. डोंगराखाली गोळेगाव, पलीकडे जुन्नर, पुढे नारायणगाव; रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कांदा, टोमॅटो. शेतीपंपाची वीज रात्रीची आली की माणसं रात्रीच पाण्याची दारं धरायला रानात जातात. ऊसतोडीच्या टोळ्या पालांत जमिनीवर झोपतात. आणि मण्यार ही सापाची विषारी जात रात्रीच हिंडते.

मण्यारीचे दात इतके बारीक असतात की खूण बहुधा सापडत नाही, आणि दुखत तर जवळजवळ नाहीच. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल जगासमोर आली, तेव्हापासून वैद्यकशास्त्र वेदना घालवायला झटतं आहे. इथे वेदना नसते हाच घात होतो. झोपलेला माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, मळमळतं, घरचे रात्रीच्या जेवणाला दोष देतात. मग पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळवत नाही, आवाज नाकात जातो, मान टिकत नाही. शेवटी छातीचे स्नायू दमतात.

मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. सर्पविषाची लस रक्तात फिरणारं विष बांधते, पण एकदा बिघडलेलं टोक ती दुरुस्त करू शकत नाही. ते शरीरालाच पुन्हा उभारावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस दुसऱ्याने श्वास पुरवला, तर तोच माणूस पुन्हा चालत घरी जाऊ शकतो. व्हेंटिलेटरपर्यंत पोचेतो हे काम अँबूचं.

अशा पेशंटकडे पाहून धीर सुटतो. हात उचलत नाही, डोळे उघडत नाही, बुबुळं उजेडाला हलत नाहीत. कुणालाही वाटावं, आता काही उरलं नाही. पण तो सगळं ऐकत असू शकतो. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्नायू लुळे करणारं क्युरारेचं औषध स्वतःला टोचून घेतलं. अंग पूर्ण लुळं पडलं, श्वास दुसऱ्यांनी दिला, आणि सावरल्यावर त्याने सांगितलं की शुद्ध क्षणभरही हरपली नव्हती, दुखणंही सगळं कळत होतं. स्नायू सैल पडणं वेगळं आणि भूल वेगळी, ही समज त्या प्रयोगाने पक्की केली. म्हणून पिशवी दाबणाऱ्याने बोलत राहावं: दादा, तुमचा श्वास आम्ही देतोय, तुम्ही घाबरू नका. नळी घातलेल्या माणसाला झोपेचं आणि वेदनेचं औषधही द्यावं. तो तक्रार करत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं धरणं मला क्रूर वाटतं.

नागाच्या बाबतीत थिएटरातलं आणखी एक औषध मदतीला येतं. नागाचं विष स्नायूच्या बाजूला, क्युरारे जिथे अडतं तिथेच अडतं. ऑपरेशन संपल्यावर भूलतज्ज्ञ स्नायूंची ताकद परत आणायला निओस्टिग्मिन देतो, सोबत ॲट्रोपिन, नाहीतर नाडी मंदावते आणि लाळ सुटते. हीच जोडी नागदंशात मिटलेली पापणी उघडू शकते. २०१३ साली मॅथ्यू लेविन या डॉक्टरने सॅन फ्रान्सिस्कोत जागेपणी स्वतःचे स्नायू औषधाने लुळे करून घेतले आणि नाकात फवारलेल्या निओस्टिग्मिनने तो वीस मिनिटांत सावरला. रानातच देता येईल असा उपाय शोधणं चालू आहे. मण्यारीपुढे मात्र ही जोडी सहसा हतबल ठरते, तिथे पुन्हा पिशवीच.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत आपली उमेदीची वर्षं घातली, गावोगाव जाऊन लोकांना मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळवलं, आणि सर्पदंशाने एकही बळी जाऊ नये असा ध्यास धरला. या पट्ट्याचं हे भाग्य आहे. देशाचं चित्र एवढं दिलासा देणारं नाही: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४मध्ये जाहीर झाला.

आराखड्यातलं पुष्कळसं काम वाड्या-वस्त्यांपासून मोठ्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर होणार आहे. जीव त्याच रस्त्यावर जातो. तिथे अँबू असून भागत नाही, ती दाबणारा हात शिकलेला हवा. सिस्टर, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, सगळ्यांनी बाहुलीवर सराव करावा आणि तो दर पावसाळ्याआधी पुन्हा करावा. ड्यूटी बदलताना अँबूच्या तोंडावर तळवा घट्ट धरून एकदा दाबून बघावं. हवा निसटली तर झडप बदलावी, तशीच परत ठेवू नये. आणि लहान मुलांची छोटी पिशवी, तिचा छोटा मास्क, मोठीच्या शेजारी त्याच खुंटीला टांगलेले असावेत, कुलूपबंद कपाटात नव्हे.