प्राग: २२ नंबरची ट्रॅम पकडा!

युरोप म्हटलं की ‘दहा दिवसांत सात देश’ आठवतात. मला सुट्टीच चार दिवसांची मिळाली होती. म्हणून एकच शहर निवडलं, प्राग. आणि तेच पुरून उरलं!

इथे टॅक्सीची गरजच नाही. मेट्रो, ट्रॅम, बस, सगळ्याला एकच तिकीट. मी ७२ तासांचं घेतलं. कागदी तिकीट पहिल्यांदा वापरताना पिवळ्या मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर चेकर दंड ठोकतो. २२ नंबरची ट्रॅम किल्ल्याजवळ सोडते. चढ तिच्यावर सोपवा, उतरताना मात्र रमतगमत पायी या.

वाटेत चार्ल्स ब्रिज लागतो. बांधकाम सुरू झालं १३५७ मध्ये! दुपारी तिथे दादर स्टेशन आठवेल. मी पहाटे गेले, तेव्हा पुलावर फक्त तीस पुतळे, खाली व्ल्तावा नदी आणि मी. बस्स!

एक टिप: इथे चलन युरो नाही, चेक कोरुना. पैसे बदलताना रेट नको, ‘हातात नेमके किती येणार?’ असं विचारा.

देश एकच झाला खरा. पण तिसऱ्या दिवशी नकाशा बॅगेतच राहिला. सुट्टी छोटी असेल, तर यादीही छोटीच ठेवा!