सातव्या पुस्तकातून शाळा कुठे गेली?

सूचना आधीच देतो. हॅरी पॉटरचे सातवे पुस्तक ज्यांचे वाचायचे राहिले आहे त्यांनी इथूनच परतावे, शेवट फोडणार आहे. घरच्या मंडळींनी हे सगळे माझ्या तोंडून दहादा ऐकले आहे. एकदा लिहून काढले की बोलणे बंद करीन, असे सौ.ला कबूल केले आहे, म्हणून हा लेख.

मी ही पुस्तके निवृत्तीनंतर वाचली. पहिले मराठीत, भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेले. पुढची नातीच्या इंग्रजी प्रतींतून, शेजारी शब्दकोश ठेवून. ती दर मे महिन्यात गोंडपिपरीला यायची, येताना एक जाडजूड ठोकळा आणायची आणि जाताना माझ्यासाठी ठेवून जायची. बाहेर तेंदूपत्त्याचा हंगाम, अंग भाजून काढणारे ऊन, घरात कूलरची घरघर, आणि मी हॉगवर्ट्सच्या बर्फात!

झाडू, ड्रॅगन, चेटूक यांचे मला फारसे अप्रूप नव्हते. मला लळा लागला तो शाळेचा. सप्टेंबरात शाळा उघडते, त्याआधी वह्यापुस्तकांची यादी येते, एका विषयाला दर वर्षी नवा मास्तर येतो आणि वर्षअखेर जातो (आमच्याकडे गणिताच्या जागेचे हेच व्हायचे), जूनमध्ये परीक्षा, मग सुट्टी. जगबुडी दारात आली तरी गृहपाठ चुकत नाही. रोलिंगबाईंनी स्वतः काही काळ पोर्तुगालमध्ये इंग्रजी शिकवले होते, ते जाणवते. सहा पुस्तके शाळेच्या वेळापत्रकावर उभी आहेत.

सातवे आले २००७ मध्ये, आणि त्यात हॅरी, रॉन, हर्मायनी शाळेत जातच नाहीत. वॉल्डेमॉर्टच्या आत्म्याचे तुकडे शोधत ते रानोमाळ भटकतात. तंबू ठोकायचा, भांडायचे, तंबू गुंडाळायचा. महिनेच्या महिने हेच. रानाच्या कडेला जन्म गेलेल्या माणसाला ते रानही रान वाटत नाही. हर्मायनी अळिंबी शिजवून घालते तर पोरे तोंड वाकडे करतात. आमच्याकडे पावसाळ्यात टेकोडे बाजारात आले की भाव विचारायला जाईपर्यंत टोपली रिकामी!

पण हे किरकोळ. खरी तक्रार वेगळीच आहे.

ही पोरे तंबूत बसलेली असताना शाळेत काय चालले होते? पहिल्याच प्रकरणात चॅरिटी बर्बेज नावाच्या शिक्षिकेला मारून टाकतात. तिचा गुन्हा काय, तर जादू न येणारी माणसेही आपल्यासारखीच आहेत असे ती शिकवायची, आणि तसे तिने वर्तमानपत्रात लिहिलेही. तिच्या जागी कॅरो घराण्यातली बाई येते आणि पोरांना उलटे शिकवू लागते. शाळेत येणे सक्तीचे. शिक्षा झालेल्या मुलांवर यातनेचा मंत्र चालवायचा, तोही इतर मुलांनी. नेव्हिल नकार देतो, मार खातो. एकदा भर वर्गात तो बाईंनाच विचारतो, की तुमच्या नि तुमच्या भावाच्या अंगात साध्या माणसांचे रक्त किती? सहा पुस्तके जो पोरगा आपला बेडूक शोधत फिरत होता, तो! आणि हे सगळे आपल्याला कळते कसे, तर पुस्तक संपत आल्यावर, भुयारातून चालता चालता नेव्हिल हॅरीला सांगतो तेव्हा. चार-सहा पानांत उरकले.

मला ते वर्ष हवे होते.

का, तेही सांगतो. नोकरीची काही वर्षे मी वैनगंगेपलीकडे काढली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची गोष्ट. एकीकडून नक्षलवादी, दुसरीकडून पोलीस, मधे गाव. रात्री कोण येऊन गेले हे सगळ्यांना ठाऊक, आणि सकाळी कुणालाच ठाऊक नाही. हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आले नाही तर मी पुढचे नाव घेई. एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचा धडा चालला होता. मागच्या रांगेतून एकाने विचारले, "गुरुजी, हे आपल्या गावाले बी हाय का?" मी हो म्हणालो आणि पान उलटले. पोरगा माझ्याकडे बघत होता की खिडकीकडे, हे मी पाहिले नाही.

म्हणून मला मॅकगोनागलबाईंचे ते वर्ष वाचायचे होते. त्यांनी हजेरी कशी घेतली? जे नाव पुकारता येत नव्हते तिथे त्या थांबल्या की पुढे गेल्या? शेवटच्या रात्री त्या दिसतात, लढतातही झकास. पण एक रात्र लढणे निराळे, आणि वर्षभर रोज सकाळी वर्गात जाणे निराळे.

नातीला हे पटत नाही. "आजोबा, त्यांना काहीच सुचत नाही, घर नाही, शाळा नाही, हेच तर मोठं होणं आहे," असे ती म्हणते. ती पुण्यात एकटी राहून नोकरी करते, तिला तंबू जवळचा वाटत असेल. डॉबी आणि स्नेपची प्रकरणे वाचून मी डोळे पुसले, हेही तिने पाहिले आहे.

शेवटाबद्दल मात्र मी हटत नाही. आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्री उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. शेवटचा अंक गुंडाळला, तर गारठ्यात घोंगडी पांघरून बसलेली बाई उठताना बरोबर बोलून दाखवते. इथे कुठली कांडी कुणाच्या मालकीची याचा हिशेब हॅरी भर लढाईत, सगळ्यांसमोर, वकिलासारखा मांडतो, आणि मग एकदम '१९ वर्षांनंतर'. फलाट, आगगाडी, बायकापोरे, कुणाचे नाव काय ठेवले ते. नेव्हिल तिथेच प्राध्यापक झाल्याचे एका ओळीत कळते, तेवढ्यावर मी समाधान मानले. पण बर्बेजबाईंचे नाव कुणी काढत नाही. लढाईनंतर त्यांच्या जागी कोण आले, निदान जागा भरली की नाही, एवढे तरी लिहायचे होते.