उन्हाचा हिशेब

एनर्जीप्लस या इमारतींच्या ऊर्जेचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये छताचे कोपरे उलट्या क्रमाने भरले, तर छप्पर उलटं आहे असं तो स्वच्छ सांगतो. एखाद्या भिंतीचं तापमान हाताबाहेर गेलं, तर गणित तिथेच थांबतं आणि त्या भिंतीचं नाव एरर फाइलमध्ये लिहिलेलं सापडतं. असल्या चुका मला आवडतात. फाइल उघडायची, पहिली गंभीर तक्रार शोधायची आणि तीच आधी निस्तरायची, कारण खालच्या शंभर ओळी बहुतेक वेळा तिच्याच पोटच्या असतात. याला चिकाटी पुरते. कस लागतो तो प्रोग्रॅम बिनतक्रार शेवटपर्यंत चालतो, आलेख देखणा येतो आणि तरीही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत राहतं तेव्हा.

पुण्यातल्या एका कार्यालयाचं मॉडेल असंच माझ्याकडे आलं होतं. इमारत ट्रॅन्सिस या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणि उन्हाचं गणित करणारा भाग करणाऱ्यांनी स्वतः लिहून त्याला जोडलेला. वर्षभराचा वातानुकूलनाचा भार पटण्यासारखा होता. फक्त पश्चिमेच्या खोल्या संध्याकाळी भलत्याच तापत होत्या, म्हणून त्या बाजूला मोठं यंत्र सुचवलं होतं. पश्चिमेचं ऊन त्रासदायक असतं हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी एप्रिलमधला एक निरभ्र दिवस निवडून आकडे मागवले. साडेपाचच्या सुमारास पश्चिमेच्या काचेवर दर चौरस मीटरला दोन हजार वॉटहून जास्त ऊन पडत होतं, आणि सहाला एकदम शून्य. वातावरणाच्या बाहेर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या पृष्ठभागालाही सुमारे 1361 वॉटच मिळतात. आणि एप्रिलमध्ये पुण्यात सहाला सूर्य मावळत नाही.

दुखणं घड्याळात होतं. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. पुणे 73.85च्या आसपास, म्हणजे पावणेनऊ अंश पश्चिमेला. अंशामागे 4 मिनिटं धरली, तर पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 35 मिनिटं मागे चालतो. पुण्याची खरी दुपार सरासरी बारा पस्तीसला होते. फेब्रुवारीत ती पावणेएकच्या पुढे सरकते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जवळ येते. या विषयातली बरीच सूत्रं अमेरिकेत लिहिली गेली, तिथे पश्चिम रेखांश धन धरायची पद्धत आहे. ती सूत्रं इथे वापरताना रेखांशांना ऋण चिन्ह द्यावं लागतं, आणि या मॉडेलात नेमकं तेच राहून गेलं होतं. सूर्य 35 मिनिटं मागे जाण्याऐवजी 35 मिनिटं पुढे गेला. सव्वा तासाला थोडाच कमी फरक! हवामानाच्या फाइलीत ऊन अजून चांगलं पडतंय आणि गणितातला सूर्य क्षितिजाला टेकलेला, अशी गत झाली. सपाट जमिनीवरचं ऊन उभ्या काचेवर नेताना सूर्याच्या उंचीशी बांधलेल्या संख्येने भागावं लागतं. सूर्य क्षितिजाशी आला की ती संख्या शून्याकडे जाते आणि उत्तर फुगतं.

अशी चूक वर्षाच्या बेरजेत दिसणं कठीण. पूर्वेच्या खोल्यांना सकाळी कमी ऊन मिळतं, पश्चिमेला संध्याकाळी जास्त, आणि एकूण आकडा बिनबोभाट पार पडतो. ग्रिनिचच्या वेळेशी आपला फरक साडेपाच तास म्हणून 5.5 लिहायचा असतो, तिथे 5.30 लिहिलेलंही मी पाहिलं आहे. त्याने सूर्य 12 मिनिटं सरकतो आणि कुठलीही सूचना येत नाही.

ट्रॅन्सिस विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सौर ऊर्जा प्रयोगशाळेत घडला आणि 1975मध्ये लोकांसाठी खुला झाला. त्याची रचना मला आजही शहाणपणाची वाटते. सौर पाणीतापकाचं मॉडेल असेल, तर ऊन झेलून पाणी तापवणारा कलेक्टर, टाकी, पंप, नियंत्रक हे सगळे सुटे घटक. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलेलं. त्यामुळे शंका आली की घटक सुटा करता येतो. कलेक्टरला हाताने ठरवलेलं ऊन आणि ठरवलेलं पाणी द्या, उत्तर कागदावर काढून ताडून पाहा. त्यातली शक्ती ताशी किलोज्यूलमध्ये मोजतात, वॉटमध्ये नाही, म्हणून उत्तर 3.6 पट चुकलं असेल तर गोम कुठे आहे हे लगेच कळतं.

कधी कधी मात्र प्रोग्रॅम बरोबर असतो. जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीवर भर दुपारी थेट ऊन दिसलं की नवखे इंजिनिअर दिशा उलटी भरली गेली म्हणून घाबरतात. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेलाच असतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या, 43 अंशांवरच्या मॅडिसन शहरात हे कधीच घडत नाही, आणि आपली पाठ्यपुस्तकं तिकडची. अंगणात काठी रोवून सावली पाहिली की शंका फिटते.

पंपाची तक्रारही अशीच ऐकून घ्यावी. कलेक्टर टाकीपेक्षा ठरावीक अंशांनी तापला की पंप चालू, फरक घटला की बंद. पंप चालू होताच थंड पाणी येऊन कलेक्टर निवतो, फरक मिटतो, पंप बंद होतो. मग कलेक्टर पुन्हा तापतो. गणिताच्या एकाच वेळ-पायरीवर हे चक्र चालू राहतं आणि गणित स्थिरावत नाही अशी सूचना येते. किती वेळा चालू-बंद होऊ द्यायचं याची मर्यादा ट्रॅन्सिसमध्ये देता येते. ती विषम द्यावी, म्हणजे पंप प्रत्येक पायरीवर एकाच अवस्थेत अडकत नाही. पण मी आधी चालू आणि बंद होण्याच्या तापमानांमधलं अंतर पाहतो. ते फार कमी असेल तर गच्चीवरचा खरा पंपही तसाच कडकड करणार आहे. डफी आणि बेकमन यांच्या सौर अभियांत्रिकीच्या ग्रंथात या अंतराचा नियम दिलेला आहे. तो न पाहता नुसती मर्यादा वाढवून सूचना गप्प करणं मला गैर वाटतं. ती सूचना यंत्रणेचं खरं दुखणं सांगत असते.

मॉडेल चालवण्याआधी कागदावर चार ओळींचा हिशेब करावा, हे मी नव्या मुलांना आग्रहाने सांगतो. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4 युनिट उष्णता लागते. घरगुती सोलरमध्ये त्यासाठी साधारण 2 चौरस मीटर कलेक्टर बसवतात. चांगल्या दिवशी त्यावर दहाएक युनिट ऊन पडतं. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास उतारा मिळाला तर गोष्ट पटते. मॉडेल ऐंशी टक्के दाखवू लागलं तर आनंद न मानता शोध सुरू करावा.

या आकड्यांवर पुढे खरी खरेदी होते. यंत्रं, नळ, टाक्या येतात आणि वीस वर्षं बिलं भरली जातात. तुमच्या सोसायटीच्या किंवा संस्थेच्या हाती ऊर्जाबचतीचा असा अहवाल आला, तर वर्षाच्या बेरजेवर समाधान मानू नका. जूनमधला एक आणि डिसेंबरमधला एक, अशा दोन दिवसांचे तासवार आकडे मागा. दुपार किती वाजता होते आहे आणि कुठल्या भिंतीवर ऊन कधी पडतं आहे, एवढं स्वतः तपासा. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.