भाल्याच्या टोकावरची मेख



आपल्या कोल्हापुरातल्या मुलांना घोडा कुठं दिसतो? कावळा नाक्यावरच्या महाराणी ताराराणींच्या पुतळ्यात, नाहीतर लग्नाच्या वरातीत. नेसरीला १६७४ साली प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले, हे मुलांना पाठ असतं. पण भरधाव घोड्यावर बसून भाला चालवायचा म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही. म्हणून इतिहासाच्या तासाला मी मुलांना टेंट पेगिंग या खेळाची माहिती देते.

जमिनीत एक लहानशी लाकडी मेख ठोकलेली असते. स्वार दौडत येतो, घोड्याच्या बाजूनं खाली झुकतो आणि भाल्याच्या टोकानं ती मेख उपटून नेतो. शत्रूच्या छावणीत पहाटे घुसून तंबूच्या मेखा उपटायच्या, की तंबू झोपलेल्या सैनिकांवर कोसळतो, अशी या खेळामागची गोष्ट सांगतात. आजही लष्कराच्या व पोलिसांच्या घोडदळात हा खेळ टिकून आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो होता आणि रुपिंदरसिंग ब्रार यांनी त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं.

मला मात्र यातली गुण देण्याची पद्धत फार आवडते. मेख उपटून ठरावीक अंतरापर्यंत नेली तर ६ गुण. उपटली, पण वाटेत पडली तर ४. मेख निघाली नाही, नुसता भाला लागला, तरी २. नेम चुकला तर शून्य.

आता आपल्या वर्गाकडं बघा. गणिताच्या पेपरात उदाहरण पूर्ण येत नाही असं वाटलं, की कितीतरी मुलं ती जागा कोरीच सोडतात. "बाई, उत्तरच येत नव्हतं, मग कशाला लिहू?" असं वर म्हणतात. खरं तर सूत्र आठवत असतं, पहिल्या दोन पायऱ्याही येत असतात. पण अर्धवट लिहिलं तर हसं होईल, ही भीती मोठी असते. ही भीती कधी घरातून येते, कधी वर्गातून.

ते २ गुण काही दया म्हणून मिळत नाहीत हं. त्यासाठी घोडा दौडवावाच लागतो, झुकावंच लागतं. कडेला उभं राहणाऱ्याला काहीच मिळत नाही.

म्हणून मी वहीत आता नुसतं 'चूक' लिहीत नाही. गाडी कुठल्या पायरीपर्यंत नीट आली, तिथं खूण करते आणि तिथपर्यंतचे गुण देते. कोरी जागा सोडणारी दोन-तीन मुलं आता निदान सूत्र तरी लिहायला लागली आहेत.

पालकांनो, तुम्हीही करून बघा. पेपर घरी आला, की "किती पडले?" याच्या आधी "कुठपर्यंत जमलं होतं?" एवढं विचारा.