खाऱ्या हवेतला दिवा

घरगुती समुद्री मत्स्यालये दोन प्रकारे मांडली जातात: काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या झाकणाने बंद केलेली आणि वरून पूर्णपणे उघडी. उघड्या टाकीत पाण्याचा पृष्ठभाग थेट खोलीतल्या हवेला भिडलेला असल्यामुळे ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची देवघेव सुरळीत चालते, वरचा प्रकाश कशातही न अडकता पाण्यात उतरतो आणि बाष्पीभवनाने टाकी थंड राहते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट इतकी उष्णता लागते आणि तिचा मोठा भाग पाण्यातूनच निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरच्या घरात ही सवलत लहान म्हणता येत नाही. या साऱ्या लाभांची किंमत मोजावी लागते ती टाकीवर टांगलेल्या दिव्याला, कारण पाणी आणि दिवा यांच्यामध्ये हवेखेरीज काहीच नसते आणि ती हवा खारी असते. अशा दिव्याचे रक्षण कसे करावे हा प्रश्न वरकरणी दिव्याच्या बांधणीचा वाटतो; प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात मात्र तो बराचसा पाण्याचा, ऋतूचा आणि दिवसाच्या वेळेचा ठरला.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा क्लोराइडचा, सुमारे 30 टक्के सोडियमचा आणि उरलेला सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचा असतो. पाण्याची वाफ होते तेव्हा हे क्षार टाकीतच मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने न करता आरओच्या गोड्या पाण्याने करावी लागते. याचाच अर्थ असा की दिव्यावर बसणारे मीठ वाफेबरोबर आलेले नसते, ते येते प्रामुख्याने फुटणाऱ्या बुडबुड्यांतून. बुडबुडा पृष्ठभागाशी येऊन फुटला की त्याच्यावरच्या पातळ पडद्याच्या चिंधड्या होऊन अतिसूक्ष्म तुषार सुटतात, आणि पडद्याखालचा खळगा भरून येताना मधून एक बारीक धार उसळून तिचे तुलनेने मोठे थेंब वर फेकले जातात. हे मोठे थेंब फार तर 15 ते 20 सेंटिमीटर उडून पुन्हा खाली पडतात, तर सूक्ष्म तुषार हवेच्या प्रवाहाबरोबर कुठेही वाहत जातात. या दोहोंचा बंदोबस्त एकाच उपायाने होत नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची चर्चा नीट समजत नाही.

एकदा पृष्ठभागावर बसलेले मीठ जागच्या जागी राहत नाही. स्फटिकांमधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने वर चढते, कडेला पोचून वाळते आणि तिथे नवे स्फटिक तयार करते. जुन्या भिंतीला लोणा लागून तो जसा वर वर सरकतो, तशीच ही चाल असते. टाकीच्या काठापासून दिव्याच्या पायापर्यंत, पायापासून वायरीपर्यंत आणि वायरीवरून खटक्याच्या बोर्डापर्यंत हे मीठ चढलेले दिसते, म्हणून टाकीच्या काठावर पाय रोवून उभा केलेला दिवा आणि छताला टांगलेला दिवा यांत टांगलेला दिवा अधिक सुरक्षित ठरतो. टांगण्याच्या तारा आणि स्क्रू पोलादाचे असतील तर त्यांच्या जातीलाही महत्त्व असते. सर्वसाधारण 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर समुद्री हवेत गंजाचे ठिपके पडतात, तर 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेली 316 प्रत क्लोराइडला अधिक काळ दाद देत नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा स्क्रू बसवला आणि त्या सांध्यात खारे पाणी शिरले, तर दोन धातूंचा मिळून एक लहानसा विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते.

प्रस्तुत लेखकाची टाकी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सदनिकेत आहे. तिच्यात कॉलर्पा, ग्रॅसिलेरिया यांसारखी समुद्री शैवाले आणि क्लाऊनफिशची जोडी आहे. खडकी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांना टाकीत स्थान नाही. शैवालांना प्रकाश भरपूर लागतो, त्यामुळे टाकीवर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा एलईडी दिवा टांगलेला आहे. त्याच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकणारे, पातळ पात्या असलेले हीटसिंक, त्यावर हवा खेळवणारा छोटा पंखा, खाली प्रत्येक एलईडीवर प्लॅस्टिकचे भिंग आणि वीज नियंत्रित करणारा ड्रायव्हर, ज्याला वायरमन मंडळी जुन्या सवयीने चोकच म्हणतात, अशी त्याची साधारण रचना आहे. यांपैकी प्रत्येक भागाला मीठ वेगळ्या प्रकारे छळते: भिंगावर बसून ते प्रकाश कमी करते, हीटसिंकच्या फटी बुजवून उष्णता कोंडते, ॲल्युमिनियमला खोल खड्ड्यांसारखे पोखरते आणि पंख्यावाटे आत शिरून इलेक्ट्रॉनिक पट्टीवरच्या तांब्याच्या रेषांपर्यंत पोचते.

या छळाचे ऋतुमान मात्र टाकी किनाऱ्यावर असल्यावरच नीट कळते. शुद्ध सोडियम क्लोराइड सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी शोषून स्वतःच त्यात विरघळते, ज्याला आर्द्रताविद्रवण म्हणतात. मॅग्नेशियम क्लोराइड तर जेमतेम 33 टक्क्यांवरच पाणझरते होते, आणि समुद्री मिठात ही दोन्ही असतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी दिव्यावर दिसणारी पांढरी भुकटी म्हणूनच फारशी उपद्रवी नसते, कारण कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. जुलैमध्ये मुंबईची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर टिकून राहते तेव्हा तीच भुकटी दिसेनाशी होते आणि पाहणाऱ्याला दिवा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ती गेलेली नसते, तिचा वीजवाहक खारट ओलावा झालेला असतो. पांढरा थर दिसला की पुसावे, हा उत्तरेकडील थंड देशांतल्या कोरड्या, तापवलेल्या खोल्यांत पुरेसा असणारा नियम कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात फसतो, कारण इथे धोका दिसतो त्या वेळी कमी आणि दिसत नाही त्या वेळी अधिक असतो.

दिव्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे याच चक्राची एक छोटी आवृत्ती दररोज घडते. दिवा चालू असताना त्याचे अंग गरम आणि म्हणून कोरडे असते. तो बंद झाला की अंग थंड पडते, आतली हवा आकुंचन पावून बाहेरची दमट हवा सांध्यांतून आत ओढते आणि रात्रभर मीठ पाणी पीत राहते. लेखकाच्या घरी पावसाळ्यात ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, पडायचा तो सकाळी दिवा सुरू होण्याच्या वेळी. तीच आंघोळीचीही वेळ असल्याने वायरमनने प्रथम गिझरवर संशय घेतला आणि गिझर तपासूनही खटका पडतच राहिला. दिव्याची जोडणी उघडल्यावर तिच्या पितळी पिनांवर हिरवट थर आणि प्लॅस्टिकवर ओलसर चिकटपणा आढळला. दुपारी तपासणी केली असती तर तीच जोडणी कोरडी दिसली असती. दिव्याला मिठाचा खरा उपद्रव तो बंद असताना होतो, हा या साऱ्या अनुभवातून निघालेला सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे आणि पुढील उपायांचा क्रम त्यावरच ठरला.

पहिला सुचणारा उपाय दिवा उंच नेण्याचा असतो. पाण्यापासून 30 सेंटिमीटर उंचीवर मोठे थेंब पोचत नाहीत, परंतु हवेबरोबर तरंगणारे तुषार पोचतातच, विशेषतः दिव्याचा पंखा हवा खालून वर ओढत असेल तर. प्रकाशाचीही किंमत द्यावी लागते: बिंदूसारख्या स्रोताचा प्रकाश अंतर दुप्पट झाल्यावर एक चतुर्थांश उरतो, आणि पसरट दिव्यांत व भिंगांमुळे ही घट इतकी तीव्र नसली तरी टाकीबाहेर सांडणारा प्रकाश वाढतोच. दुसरा उपाय दिवा हवाबंद करण्याचा. उपकरणांवर आयपी 65, आयपी 67 असे आकडे छापलेले असतात. त्यांतला पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो, 6 म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे, 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून आणि 7 म्हणजे एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडवण्यापासून बचाव. या चाचण्यांचे पाणी गोडे असते, त्यामुळे रबरी सील आणि धातू वर्षानुवर्षे मिठात कसे टिकतील याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. शिवाय पंखा काढून सर्व बाजूंनी बंद केलेल्या दिव्याला उष्णता केवळ धातूच्या अंगावाटे टाकावी लागते, आणि एलईडी जितका गरम राहतो तितके त्याचे आयुष्य घटते.

तिसरा उपाय पारदर्शक ढालीचा आहे. टाकीवरच काच ठेवली तर उघड्या टाकीचे सर्व लाभ जातात. म्हणून लेखकाच्या टाकीवर ॲक्रिलिकचा पातळ पत्रा दिव्याखाली बोटभर अंतर सोडून स्वतंत्रपणे टांगला जातो, जेणेकरून बाजूंनी हवा खेळती राहते आणि मीठ दिव्याऐवजी पत्र्यावर बसते. स्वच्छ काच किंवा ॲक्रिलिक प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परतवते, म्हणजे दोन्ही मिळून साधारण 8 टक्के घट होते, आणि पत्रा पुसला नाही तर ती बरीच वाढते. पत्र्याच्या खालच्या बाजूने ओलावा शोषला जाऊन तो हळूहळू वाकतो, त्यामुळे तो उलटसुलट करून लावावा लागतो. हा पत्रा जूनच्या सुरुवातीला चढतो आणि ऑक्टोबरात उतरतो. वर्षभर 8 टक्के प्रकाश गमावण्यापेक्षा ज्या महिन्यांत मीठ ओले असते त्याच महिन्यांत तो गमावणे किफायतशीर पडते. उडी मारणाऱ्या माशांसाठी टाकीच्या तोंडावर बारीक प्लॅस्टिकची जाळीही ताणलेली असते. तिचा मुख्य हेतू मासा वाचवण्याचा असला तरी खाद्य टाकताना पृष्ठभागावर होणाऱ्या झटापटीचे शिंतोडे ती पुष्कळ अडवते.

हे तिन्ही उपाय मीठ उडाल्यानंतरचे आहेत, तर सर्वाधिक परिणाम दिला तो मीठ उडूच न देण्याच्या उपायांनी. हवेचा दगड, म्हणजे एअरपंपाला जोडलेला सच्छिद्र खडा, मुख्य टाकीतून काढून पाणी हलवण्याचे काम बुडालेल्या वेव्हमेकरकडे दिल्यावर पृष्ठभाग हलता राहिला, वायूंची देवघेव टिकली, पण बुडबुडे जवळजवळ थांबले. टाकीखालच्या सम्पमधून, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीतून, वर येणाऱ्या पाण्याबरोबर प्रोटीन स्किमरचे, म्हणजे फेसावाटे सेंद्रिय मळ काढणाऱ्या यंत्राचे, सूक्ष्म बुडबुडे येत होते. सम्पमध्ये पाण्याच्या वाटेत फोमचा अडसर ठेवल्यावर तेही कमी झाले. या दोन बदलांनंतर ॲक्रिलिकच्या पत्र्यावर बसणारा थर इतका विरळ झाला की दिव्याची उंची वाढवण्याची गरजच उरली नाही.

विजेच्या बाबतीत मात्र कोणताही उपाय पर्यायी मानता येत नाही. ड्रायव्हर टाकीपासून दूर आणि तिच्या पातळीपेक्षा वेगळ्या जागी असावा, म्हणजे टाकीवर 230 व्होल्ट न जाता कमी दाबाची वीजच जाते. प्रत्येक वायरीला सॉकेटपाशी पोचण्याआधी खाली एक झोळ द्यावा, जेणेकरून वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी आणि खरोखर जमिनीपर्यंत पोचणारे अर्थिंग असावे. जोडण्यांच्या पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ लेप असावा. तांब्यावरच्या हिरव्या थराकडे केवळ बिघाड म्हणून पाहणेही अपुरे असते. तांब्याचे क्षार अत्यल्प प्रमाणातही कोळंबी, शंख आणि इतर अपृष्ठवंशी जीवांना विषारी असतात, आणि दिव्यावरून सुटलेला कण सरळ पाण्यातच पडतो. त्यामुळे दिव्याचे रक्षण हे त्याच वेळी टाकीचेही रक्षण असते.

स्वच्छतेसाठी महागडे काही लागत नाही. प्लग काढून, दिवा थंड होऊ देऊन, आरओच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने मीठ विरघळवत पुसावे आणि कोरड्या कापडाने टिपावे; पाण्याने न जाणारा कडक पांढरा थर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो पातळ व्हिनेगरने सुटतो. काच पुसण्याची अमोनियायुक्त द्रव्ये उघड्या पाण्यावर वापरू नयेत, कारण अमोनिया माशांना घातक असतो आणि काही प्लॅस्टिकांना त्याने तडेही जातात. पुसण्याची वेळ लेखकाने सकाळवरून रात्रीकडे नेली, कारण दिवा मालवल्यानंतर पुसला तर रात्रभर पाणी शोषायला त्याच्यावर मीठच उरत नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यांत ईएलसीबी दिव्यामुळे पडलेला नाही. उघड्या टाकीवरच्या दिव्यासाठी खर्च करायचा असेल, तर तो आधी बुडबुडे थांबवण्यावर, मग सुरक्षित जोडणीवर, मग ढालीवर आणि सर्वांत शेवटी अधिक आयपी आकड्याच्या दिव्यावर करावा, असा या अनुभवाचा हिशेब आहे.