विकतचे फासे

ज्या खेळात राज्ये, अरण्ये, भुयारे आणि त्यांत वावरणारे सारे जीव केवळ बोलण्यातून उभे राहतात, त्या खेळासाठी दुकानातून काय आणावे आणि काय आणू नये, हा प्रश्न माझ्यापुढे निरनिराळ्या वयांत निरनिराळ्या रूपांनी येत गेला, आणि त्याचा विचार करताना माझे मन दर वेळी एकाच वस्तूपाशी येऊन थांबले. ती वस्तू म्हणजे फासा.

सावंतवाडीच्या आमच्या घरी सारीपाट होता. पट आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेला. सोंगट्या चितार आळीतून आणलेल्या, लाखेच्या रंगाने चकाकणाऱ्या. त्यांतली एखादी हरवली तर तिच्या जागी चिंचोका बसे आणि कोणाची तक्रार नसे. कवड्यांच्या बाबतीत मात्र मामलेदार कचेरीत कारकुनी केलेले आमचे आजोबा विलक्षण काटेकोर असत. नवी कवडी पिशवीत दाखल करण्यापूर्वी ते ती घोंगडीवर पुनःपुन्हा टाकून पाहत, आणि ती एकाच अंगावर पडू लागली की निमूटपणे बाजूला ठेवीत. पट फाटका असला तरी चालेल, परंतु दान निर्मळ पडले पाहिजे, हा त्यांचा कायदा होता, आणि तो मोडण्याची मुभा घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उच्च शिक्षणासाठी मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन येथे गेलो. तेथून मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर लेक जिनिव्हा नावाचे सरोवराकाठचे लहानसे गाव आहे. विमा कंपनीत नोकरी केलेल्या आणि ती सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करून संसाराला हातभार लावणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी, मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांच्या सहकार्याने, १९७४ साली याच गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या १,००० पेट्या घरच्या माणसांनी आणि मित्रांनी हातांनी भरल्या; एका पेटीची किंमत १० डॉलर आणि तिच्यात तीन लहान पुस्तिका. फासे तिच्यात नव्हते. ते निराळे विकत घ्यावे लागत, आणि ते येत कोठून, तर शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या एका कॅलिफोर्नियातील कंपनीकडून. कारण चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांच्या ज्या पाच सुसम घनाकृतींचे वर्णन प्लेटोने केले, त्या विद्यार्थ्यांना हाताळता याव्यात म्हणून ते नग तयार होत असत. भूमितीच्या वर्गासाठी घडलेली वस्तू राक्षसांच्या आणि वीरांच्या प्राक्तनाचा निवाडा करू लागली, याचे मला आजही मोठे कौतुक वाटते.

माझ्या पहिल्या संचातला वीस पृष्ठांचा फासा मऊ प्लास्टिकचा होता. त्याच्यावर एक ते वीस आकडे नसून शून्य ते नऊ हेच आकडे दोनदा कोरलेले असत, आणि तेही बिनरंगाचे, म्हणजे दिव्याखाली धरल्यावाचून वाचता न येणारे. मग मेणाचा खडू घेऊन तो प्रत्येक पृष्ठावर घासायचा, आकड्याच्या खाचेत मेण दाबून बसवायचे आणि वर राहिलेले फडक्याने पुसून काढायचे. दहा पृष्ठांना काळा रंग, उरलेल्या दहांना तांबडा, आणि तांबडा आकडा वर आला की त्यात दहा मिळवायचे. हे काम मी वसतिगृहाच्या खोलीत मोठ्या तन्मयतेने करीत बसे. खेळता खेळता त्या फाशाचे कोपरे झिजत, कडा बोथट होत, आणि तो टेबलावर जास्त वेळ घरंगळू लागे. पुढे फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा नवशिक्यांसाठी निघालेल्या पेटीत काही काळ फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या येत होत्या; त्या कापून पेल्यात घालायच्या आणि न बघता एक उचलायची. आमच्या एका सोबत्याकडे ती पेटी होती. चकत्यांनीही न्याय होत असे, परंतु फासा थांबेपर्यंत टेबलाभोवतीच्या साऱ्यांचे डोळे जसे एका ठिकाणी खिळतात, तसे पेल्यात गेलेल्या हाताकडे पाहताना होत नसे.

निष्पक्षपाती वस्तू घरी घडवणे अतिशय दुष्कर आहे, ही गोष्ट मला या झिजलेल्या फाशाने पटवली. आपल्या देशात वैदिक काळी बेहड्याची फळे फाशांसारखी वापरली जात, आणि त्याच देशात कपटद्यूताची कथा महाकाव्याच्या केंद्रस्थानी यावी, यात मला मोठा अर्थ दिसतो. जर्मनीत फ्रोइट्सहाइम येथे चौथ्या शतकातला एक रोमन मनोरा सापडला आहे: वरून फासा टाकला की आतल्या तिरक्या पायऱ्यांवर आपटत तो खाली बाहेर पडतो, म्हणजे टाकणाऱ्याच्या बोटांची करामत चालू नये. आज दुकानांत लाकडाचे असे मनोरे विकायला असतात आणि पुष्कळ लोक त्यांना चैनीची वस्तू समजतात. मी तसे समजत नाही. फासेनिर्माते लू झोकी यांनी तर असा आग्रहच धरला होता, की कारखान्यात घुसळून गुळगुळीत केलेल्या फाशांचे कोपरे असमान झिजतात, म्हणून तीक्ष्ण कडांचेच फासे घ्यावेत. त्यांच्या मताशी मी सहमत आहे, आणि फाशांवर खर्च केलेला पैसा मला कधीच जड वाटला नाही.

बाकीच्या साहित्याचा तपशील मात्र निराळा आहे. शिशाच्या, पुढे प्लास्टिकच्या, रंगवलेल्या चिमुकल्या मूर्ती; दगडी भिंतींचे तयार तुकडे; खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने आपली टिपणे आडोशाला ठेवावीत म्हणून मिळणारा चित्रमय पडदा: हे सारे मी कधी ना कधी विकत घेतले, काही मनापासून आवडलेही. परंतु मी असे पाहिले की, पिशाचाची मूर्ती टेबलावर आली की वर्णन आटोपते. आमच्या गावच्या देवळातला कीर्तनकार अशोकवन उभे करी तेव्हा त्याला झाडे मांडावी लागत नसत. चिपळ्या मात्र त्याला चांगल्या नादाच्याच हव्या असत. मूर्तीने ज्याचा चेहरा ठरवून टाकला त्याला आणखी चेहरा देण्याचे काम बोलणाऱ्याकडे उरत नाही, आणि हा खेळ तर बोलणाऱ्यांचाच आहे.

या मताला एक सुंदर अपवाद या खेळाच्या इतिहासातच आहे. गायगॅक्स यांच्या मंडळींनी स्वस्त दुकानातून हाँगकाँगच्या बनावटीचे प्लास्टिकचे काही विचित्र प्राणी आणले होते. ते कोणत्या जनावराचे आकार आहेत हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून त्यांनीच त्यांना नावे, स्वभाव आणि सामर्थ्य दिले, आणि त्यांतूनच लोखंडाला गंज चढवून ते खाऊन टाकणारा ‘रस्ट मॉन्स्टर’, घुबडाच्या तोंडाचे अस्वल असा ‘आउलबेअर’ आणि जमिनीखालून चाल करून येणारा ‘ब्यूलेट’ हे जीव जन्माला आले. विकतची वस्तू कल्पनेला मारतेच असे नाही, हे यावरून दिसते. जी वस्तू आपली ओळख सोबत घेऊन येत नाही, ती उलट कल्पनेला खाद्य पुरवते. याच कारणाने चौकटी आखलेला, ओल्या फडक्याने पुसता येणारा कोरा पट विकत घेण्याजोगा आहे. त्यावर आज किल्ला काढावा, उद्या बंदर.

पडद्याविषयी माझे मत अधिक कठोर आहे. त्याची बाहेरची बाजू देखणी असते. पण सूत्रधाराला रात्रभर पाहायची असते ती आतली, आणि तेथली नियमांची कोष्टके छापणाऱ्याने आपल्या अंदाजाने निवडलेली असतात. माझा पडदा मी जाड पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापडी पट्टीने जोडून केला. त्यावर मी नेहमी विसरतो त्या गोष्टींची फेरिस्त आहे: अंधारात किती अंतरावरचे दिसते, दोर कापला गेल्यास काय होते, आणि मागच्या बैठकीत कोणाचे कोणाशी वैर जमले.

अलीकडे पुण्याला माझ्या भाचीने आपल्या मैत्रिणींसाठी असाच डाव मांडायचे ठरवले. दुकानदाराने दिलेली लांबलचक यादी तिने मला फोनवर वाचून दाखवली आणि विचारले, “मामा, एवढं सगळं घ्यावंच लागतं का गं, असं सगळ्या विचारतायत.” मी तिला सांगितले, प्रत्येकीला फाशांचा एक संच, तीक्ष्ण कडांचा, सगळ्यांत मिळून एक कोरा पट, वही आणि पेन्सिली घरात असतीलच. मूर्तींऐवजी बटणे चालतील. “आणि पडदा?” तिने विचारले. पुठ्ठ्याचा कर, मी म्हणालो. त्यावर ती जी कोष्टके लिहिणार आहे, त्यांतली निम्मी मला अनावश्यक वाटतात आणि माझी तिला. दर आठवड्याला त्यावरून आमचा वाद चालतो, आणि तिने आपली कोष्टके तशीच ठेवावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.